बदलीचा मोसम

जुलै महिन्यात पाचगणीला पाहुणा येत नाही. आला तर तो पुन्हा येत नाही. या दिवसांत धुकं फाटकापाशी थांबत नाही, ते सरळ घरात येऊन खुर्चीवर बसतं. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, आणि टेबललँड आपल्या जागी आहे ही गोष्ट केवळ विश्वासावर मानावी लागते. सिल्व्हर ओकच्या झाडांवरून दिवसरात्र पाणी निथळत असतं. शाळांच्या बास्केटबॉल कोर्टांवर चेंडूऐवजी पावसाचे थेंब उड्या मारत असतात.

आणि नेमक्या याच महिन्यात आमच्या घरी बास्केटबॉल ऐन भरात येतो!

माझा तेरा वर्षांचा नातू इथल्या एका निवासी शाळेत आहे. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी गावातच राहत असल्यामुळे काही रविवारी त्याला आमच्याकडे यायची परवानगी मिळते. तो येतो, ओले बूट दाराशी काढतो, आजीने केलेल्या थालीपिठाचा पहिला घास तोंडात घालतो आणि हात पुढे करतो. "आजोबा, तुमचा फोन." शाळेत मुलांना फोन ठेवता येत नाही. त्यामुळे आठवडाभराची सगळी भूक त्या एका दुपारी भागवायची असते. फोनमध्ये तो सामने बघत असेल असं मला सुरुवातीला वाटायचं. पण अमेरिकेतली एन.बी.ए. ही व्यावसायिक बास्केटबॉलची लीग ऑक्टोबरात सुरू होते आणि जूनमध्ये संपते. मग जुलैत हा पाहतो तरी काय?

"बदल्या," एकदा तो मला समजेल अशा भाषेत म्हणाला. "कोण कुठे गेला, कोणाला कोणाच्या बदल्यात दिला, आणि कोण जाणार अशी अफवा आहे."

बदल्या आणि अफवा! वाचकहो, पस्तीस-सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला याहून जवळचा विषय कोणता असणार?

आमच्या वेळी एप्रिल उजाडला की शाखेतली हवा बदलायची. लेजर उघडं असायचं, पण कान दाराकडे असायचे. झोनल ऑफिसातून डाक घेऊन येणाऱ्या शिपायाला चहा पाजण्यासाठी अधिकाऱ्यांत चढाओढ लागायची, कारण यादी टाइप होताना त्याने पाहिलेली असे. नातवाच्या जगातही असा एक माणूस आहे. शॅम्स चरानिया नावाचा पत्रकार. कोणता खेळाडू कुठे निघाला हे साऱ्या अमेरिकेला बहुधा त्याच्याकडून पहिल्यांदा कळतं. मी नातवाला म्हटलं, "आमचा शॅम्स सायकलवरून यायचा आणि त्याला दोन चमचे साखर लागायची."

मग रस घेऊन मी हा सगळा व्यवहार समजून घेतला, आणि माझ्यातला जुना अधिकारी खूश झाला. कारण हे सगळं जमाखर्चाचंच शास्त्र आहे. तीस संघ. प्रत्येकाकडे साधारण पंधरा खेळाडू. पगारावर एकूण किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. ती ओलांडायला वाटा आहेत, पण त्यांना दंड आणि बंधनंही आहेत. मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाला एक खेळाडू घ्यायचा असेल, तर जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. म्हणजे नावे आणि जमा, दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. कमी पडलं तर पुढच्या वर्षांतल्या नव्या खेळाडूंवरचा आपला पहिला हक्क लिहून द्यायचा. तो सरळसरळ पुढच्या तारखेचा चेक! काही संघांनी असे चेक इतक्या पुढच्या सालांचे फाडले आहेत की ते वटतील तेव्हा ज्याला मैदानात उतरायचंय तो मुलगा आज सहावी-सातवीत असेल.

मात्र या हिशेबाच्या वहीतली प्रत्येक नोंद म्हणजे एक हाडामांसाचा माणूस असतो. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

नातू सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचा भक्त आहे. आता पाचगणीच्या पोराने कॅलिफोर्नियातल्या एका बेताच्या संघावर जीव का टाकावा? तर त्या संघाचे प्रमुख मालक आहेत विवेक रणदिवे. आपल्या मुंबईत जन्मलेला, जुहूला वाढलेला माणूस. सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत प्रवेश मिळाला, पण परकीय चलन मिळेना, तेव्हा हा मुलगा रिझर्व्ह बँकेत जाऊन ठाण मांडून बसला, असं सांगतात. पुढे त्यांनी संगणकाच्या व्यवसायात नाव आणि पैसा मिळवला. मुलीच्या शाळकरी संघाला शिकवता शिकवता ते बास्केटबॉलच्या नादी लागले. २०१३ साली किंग्ज हा संघच सिएटल शहरात हलवायचा घाट घातला गेला होता. म्हणजे एका माणसाची नव्हे, अख्ख्या संघाचीच बदली! सॅक्रामेंटोचे तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन हे स्वतः जुने खेळाडू. त्यांनी खटपट करून खरेदीदारांचा गट जमवला, त्याचं नेतृत्व रणदिव्यांकडे आलं. लीगच्या मालकमंडळींनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर नाकारलं आणि संघ गावातच राहिला.

मी नातवाला सांगितलं की आमच्या पिढीला रणदिवे म्हटलं की कामगारांचे पुढारी बी. टी. रणदिवे आठवतात, 'सिटू' या कामगार संघटनेचे पहिले अध्यक्ष. एक रणदिवे कामगारांच्या बाजूने मालकांशी भांडले, दुसरे रणदिवे मालक झाले. नातवाला यात काही गंमत वाटली नाही. त्याची चिंता निराळी होती.

"आजोबा, गाव वाचवलं ते ठीक. पण यांनी हॅलिबर्टन दिला हो!"

टायरीज हॅलिबर्टन हे त्या घरातलं दुखरं नाव. २०२० मध्ये किंग्जने निवडलेला हा पोरगा दोन वर्षांत गावाचा लाडका झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, त्याला इंडियाना पेसर्सकडे धाडण्यात आलं आणि बदल्यात उंचापुरा डोमांटास सॅबोनिस आला. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता. सॅबोनिस आल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण मोसमात किंग्जने ४८ सामने जिंकले आणि सोळा मोसमांच्या खंडानंतर बाद फेरी गाठली. जिंकल्यावर त्यांच्या स्टेडियमवरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडतात, तो गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. पण तिकडे हॅलिबर्टनने पेसर्सना २०२५ च्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. पहिला सामना शेवटच्या क्षणी चेंडू टाकून जिंकून दिला. सातव्या आणि निर्णायक सामन्यात टाचेचा स्नायुबंध तुटून तो कोसळला, आणि विजेतेपद ओक्लाहोमा सिटीकडे गेलं. त्या आठवड्यात आमचा नातू जेवला नाही म्हणे. खेळाडू दुसऱ्या संघाचा झाला होता, पण याच्या मनातून त्याची बदली झाली नव्हती.

योगायोग पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये एन.बी.ए.चे संघ पहिल्यांदा भारतात येऊन खेळले, ते मुंबईत, वरळीच्या डोममध्ये. ४ आणि ५ ऑक्टोबरचे दोन सामने. संघ कोणते? हेच, किंग्ज आणि पेसर्स! पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी मुलं बसली होती. किंग्जकडे तेव्हा बडी हिल्ड होता. तो स्वतः २०१७ मध्ये डिमार्कस कझिन्सच्या अदलाबदलीत तिथे आलेला. २०२२ मध्ये त्याला हॅलिबर्टनबरोबरच पेसर्सकडे पाठवलं. सॅबोनिस तेव्हा पेसर्सकडे होता, तो किंग्जकडे आला. किंग्जचा वेगवान डी'ॲरन फॉक्स फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन अँटोनिओला गेला. मुंबईच्या ज्या मुलांनी त्या दिवशी घसा फुटेस्तोवर आपापल्या संघाचं नाव घेतलं, त्यांनी आज त्याच निष्ठेने ओरडायचं ठरवलं तर ओरडायचं कोणासाठी? बनियन तेच, आतली माणसं बदललेली. २०१९-२० च्या मोसमातल्या पेसर्सपैकी अगदी मोजकेच २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत टिकले. त्यातला एक टी. जे. मॅकॉनेल, बुटका आणि चिवट, ज्याला सुरुवातीला कोणत्याच संघाने निवडलं नव्हतं. बँकेतही असंच असे. नाव झालेले अधिकारी देशभर फिरत आणि शाखेची नस ओळखणारा हेडकॅशियर वर्षानुवर्षं त्याच पिंजऱ्यात बसून राही.

वसतिगृहातल्या पोरांच्या गप्पा नातवाच्या तोंडून ऐकाव्यात. एक दिल्लीकर मित्र लेकर्सवाला आहे. तो याला म्हणतो, "तुझ्या मालकाने हॅलिबर्टन दिला, फॉक्स दिला, आता किंग्जचा मुकुट तेवढा विकायचा राहिलाय." यावर हा म्हणतो, "तुम्हाला काय, तुम्हाला लूका फुकट मिळाला." मग रात्री दिवे मालवल्यावर अंधारात कुजबुजत व्यवहार चालतात. कोण कोणाला देईल, वर काय घालावं लागेल. कधी कधी तर पोरं एकमेकांचीच अदलाबदल करतात. "आमच्या डॉर्मिटरीतला घोरणारा घ्या आणि तुमचा गोलकीपर द्या, वर शनिवारचं आइस्क्रीम."

लूकाचं प्रकरण मात्र थट्टेचं नव्हतं. लूका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू एकोणिसाव्या वर्षी डॅलसला आला. २०२४ मध्ये त्याने त्या संघाला अंतिम फेरीत नेलं. आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला एका मध्यरात्री बातमी फुटली की त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिसला आणलं आहे. ती इतकी अविश्वसनीय होती की शॅम्सचं खातं कोणीतरी चोरलं असावं असं लोकांना वाटलं. स्वतः लूकालाही आगाऊ कल्पना नव्हती. डॅलसच्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर फुलं वाहिली, शवपेटी आणून ठेवली. हा निर्णय घेणारे व्यवस्थापक निको हॅरिसन यांना हटवा अशा घोषणा महिनोन् महिने चालल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना खरोखरच जावं लागलं.

अमेरिकन लोकांचं हे वेड म्हणून हसण्यावारी नेऊ नये. आपणही काही कमी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातचा संघ सोडून मुंबई इंडियन्सकडे परत आला आणि पुढच्याच महिन्यात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या संघाच्या मैदानावर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. इतकी की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांनी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच होता. मधल्या काळात रागावलेले लोक घरच्यासारखे रागावले आणि घरच्यासारखेच विसरले. संघ ही मालकाची मालमत्ता असते हे कागदावर खरं; पण प्रेक्षक तसं मानत नाही. आपल्याला न विचारता घरातलं माणूस हलवलं, हा त्याचा राग असतो.

पण खुद्द त्या माणसाचं काय? त्याला कोणी विचारतं का?

पूर्वी अजिबात नाही. अमेरिकेतही खेळाडू एकदा संघाचा झाला की करार संपला तरी तो संघाचाच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन हा थोर खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० साली खेळाडूंनी लीगवर दावा लावला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला हालचालीची थोडी मोकळीक मिळाली. पूर्ण स्वातंत्र्य यायला १९८८ उजाडलं. आज करार संपलेला खेळाडू जुलैत आपल्या मर्जीने संघ निवडतो. २०२५ च्या जुलैत मायल्स टर्नर दहा वर्षं पेसर्सकडे खेळून, अंतिम सामना हरल्यानंतर दोनच आठवड्यांत, मिलवॉकीला निघून गेला. लोक चिडले. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं. दहा वर्षांत अनेकदा ज्याला विकून टाकण्याच्या अफवा उठल्या, त्याने एकदा स्वतःहून चार्ज सोडला.

करार चालू असताना मात्र अजूनही बदलीचा हुकूम निघू शकतो. त्याला एक अपवाद आहे. करारातच 'नो-ट्रेड क्लॉज' असेल, म्हणजे माझ्या संमतीवाचून मला हलवता येणार नाही असं कलम, तर. हे मागण्यासाठी लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच संघाकडे चार वर्षं झालेली असावी लागतात. फारच थोड्यांना ते मिळतं. डॅमियन लिलार्ड पोर्टलंडला अकरा वर्षं खेळला. २०२३ मध्ये त्याने बदली मागितली, तो मिलवॉकीला गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचा पाय दुखावला. जुलैत मिलवॉकीने टर्नरसाठी जागा करायला त्याला मोकळं केलं आणि त्याचे देणे असलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांत विभागून खर्ची टाकले, अगदी आपण बुडीत कर्जाची तरतूद करावी तसे. तेव्हा हा माणूस पैशामागे कुठे लांब गेला नाही, परत पोर्टलंडला आला. आणि या वेळी त्याने ते कलम करारात घालून घेतलं.

ही गोष्ट मी वाचत होतो तेव्हा नातू कोचावर आडवा होता. बाहेर पावसाचा जोर वाढला होता. त्याने फोनवरून नजर न काढता विचारलं, "आजोबा, मला आहे का हो नो-ट्रेड क्लॉज?"

मी काही बोललो नाही. त्याच्या प्रश्नामागचं कारण मला माहीत होतं, आणि त्यालाही ते कळलेलं दिसत होतं. जावयांची बदली पुण्याहून पूर्वेकडे कुठेतरी व्हायची बोलणी चालली होती. तसं झालं तर मुलगी पुण्यातच राहणार आणि सोबतीला म्हणून याला पाचगणीहून काढून पुण्याच्या शाळेत घालणार, असा बेत घरात आखला जात होता. फोनवर हलक्या आवाजात बोललेलं मुलांना सगळ्यांत आधी ऐकू येतं.

मला एकदम १९९४ आठवलं. माझी बदली आसामात झाली तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. वर्षाच्या मध्यावर तिथल्या शाळेचं जमेना, म्हणून आम्ही तिला पाचगणीला आणून ठेवलं. बदलीच्या नोकरीतल्या माणसांची मुलं सांभाळण्यात या गावाचा हातखंडा आहे. इंग्रजांच्या काळापासून इथे घरापासून लांबची मुलं येतात. १९५०च्या दशकात थेट झांझिबारहून सेंट पीटर्स शाळेत आलेला फारुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. माझी मुलगी फाटकाशी उभी होती. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा, बदली तुमची झाली ना? मग मलाच का सोडून चाललात?" मी तिला बँकेची नोकरी, प्रमोशन, शिस्त, चांगलं शिक्षण असं बरंच काही सांगितलं. ते सगळं खरं होतं. ती इथे चांगली शिकली, तिला इथल्या मैत्रिणी आजही आहेत. व्यवहार वाईट नव्हता. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, ही नोंद त्या वहीत राहून गेली. माझ्या बदलीविरुद्ध मी झोनल ऑफिसकडे दोन अर्ज केले होते. तिच्याकडे अर्ज करायला जागाच नव्हती.

त्या रात्री मी मुलीला फोन लावला. निर्णय तुमचा आहे, पैसे तुमचे आहेत, मी मध्ये पडत नाही, असं म्हणून मी मध्ये पडलो. म्हटलं, "बाळ, शेवटी त्याला पुण्याला नेलंस तरी चालेल. पण आधी त्याला विचार. विचारल्यासारखं करू नकोस, खरंच विचार." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला सुचायला एकतीस वर्षं लागली." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी ती आणि जावई पसरणीचा घाट चढून धुक्यातून आले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बाहेरच्या खोलीत तिघांचं बोलणं चाललं होतं. थोड्या वेळाने नातू आत आला. चेहरा गंभीर, एखाद्या मोठ्या करारावर सही करायला निघाल्यासारखा.

"काय ठरलं?" आजीने विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "मी वेळ मागून घेतलाय. मोरॅटोरियम."

मला आठवलं. त्याच्या लीगमध्ये ३० जूनच्या संध्याकाळपासून बोलणी करता येतात, तोंडी होकारही देता येतो, पण बहुतेक सह्या ६ तारखेच्या दुपारपर्यंत होत नाहीत. या मधल्या दिवसांत माणूस मन बदलू शकतो. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला होता. तेव्हा त्याच्या जुन्या संघातले सोबती त्याच्या घरी जाऊन बसले आणि सही होईपर्यंत हललेच नाहीत. तो शेवटी जुन्या संघातच राहिला.

"किती दिवसांचा मोरॅटोरियम?" मी विचारलं.

"सहा." मग जरा थांबून, दाराबाहेर बसलेल्या आईकडे एक नजर टाकून, तो हळूच म्हणाला, "आजोबा, आईला पुण्यात एकटीला करमेल का हो?"

आजीने त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं. बाहेर धुकं किंचित विरळ झालं होतं, आणि टेबललँडची कड, आहे त्या जागी, क्षणभर दिसली.